कण्यापासून एक्सलपर्यंत

बीडहून परळीकडे निघालं, की वडवणी आणि तेलगावनंतर दिंद्रुड लागतं. माजलगाव तालुक्यातलं हे गाव. आजूबाजूला काळी जमीन, कापूस आणि ऊस. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबं. आणि दिवसरात्र वाहता रस्ता. या भागात घरापुढे जी चारचाकी उभी दिसते, ती बहुधा सेकंडहँड असते, कधी तर तिसऱ्या-चौथ्या मालकाकडून आलेली. तिच्यातून लग्नाला जायचं, बियाणं आणायचं आणि रात्री-अपरात्री कुणाला दुखायला लागलं तर अंबाजोगाईचा मोठा दवाखाना गाठायचा. गाडी बंद पडली तर घराचं बरंच काही अडतं.

मी मोटार मेकॅनिकचा विषय अनेक वर्षं शिकवला. गावाकडे आलो की एक प्रश्न हमखास विचारला जातो, ''सर, एक्सल गेलाय. नवा टाकू, की रिकंडिशन केलेला टाकू? निम्म्या पैशात मिळतोय.'' या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी चाकाच्या आसाची सगळी हकिकत मागून पुढे सांगावी लागते. ती सांगितली, की उत्तर ज्याचं त्याला सापडतं.

सुरुवात बैलगाडीपासून करू. जुन्या लाकडी गाडीचा आस, म्हणजेच कणा, स्वतः फिरत नाही. चाक त्याच्याभोवती फिरतं. मध्ये तुंबा, त्यात आरे, भोवती पाटे आणि त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला कुणी. आस आणि तुंबा जिथे एकमेकांना घासतात तिथे वंगण. लांबच्या गावाला निघायचं तर गाडीला वंगण आठवणीनं सोबत घ्यायचे. वंगण संपलं की चाक करकरायला लागायचं आणि करकर ऐकून न ऐकल्यासारखं केलं, की तुंबा झिजून चाक लटपटायचं. मग गाडी सुताराच्या दारात. सुतार तुंबा पाहायचा, फुटलेला आरा बदलायचा. लोहार सैल झालेली धाव कापून, जोडून, तापवून पुन्हा बसवायचा. चाक जुनंच, पण पुन्हा बांधलेलं. आजच्या भाषेत त्याला रिकंडिशन म्हणायचं. फरक एवढाच, की चाक ज्यानं बांधलं तो माणूस गावातच राहायचा. काम कच्चं झालं तर त्याला दुसऱ्या दिवशी गाठता यायचं. बलुत्याचा व्यवहार त्या ओळखीवरच चालायचा.

मग मोटार आली. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या रेल्वे खात्याच्या जोडीनं १९३२ साली रस्ते वाहतूक विभाग सुरू झाला, तो २७ बसगाड्यांनिशी. त्यांत अल्बियन बनावटीच्या गाड्या होत्या. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. या सगळ्या गाड्यांचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. इंजिनाची शक्ती मागे न्यायला गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा जातो, प्रोपेलर शाफ्ट. खड्ड्यात मागचा आस वर-खाली होतो, त्यामुळे हा दांडा सरळ राहू शकत नाही. त्याला मध्ये वाकण्याची सोय हवी. ती सोय म्हणजे आपल्या मेकॅनिक मंडळींचा 'क्रॉस'. अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा आणि त्याच्या चार टोकांना बेअरिंग.

हा क्रॉस मोटारीहून फार जुना आहे. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन पंडिताच्या नावानं तो ओळखला जातो आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास केला. हूकला त्यातली एक खोड कळली होती. क्रॉस वाकलेला असताना अलीकडचा दांडा एकसारख्या गतीनं फिरवला, तरी पलीकडचा दांडा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. वाक जितका मोठा, तितका हा हिसका मोठा. बस आणि ट्रकमध्ये वाक थोडा असतो आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना दोन क्रॉस अशा बेतानं बसवतात, की एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. म्हणून तिथे काम भागतं.

अडचण आली ती पुढच्या चाकांना जोर द्यायचं ठरवल्यावर. पुढचं चाक नुसतं वर-खाली होत नाही, ते वळतंही. पूर्ण वळवलं तर ३५-४० अंशांपर्यंत. एवढ्या वाकाला साधा क्रॉस लावला, तर वळणावर स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं. म्हणजे असा सांधा हवा, जो कितीही वाकला तरी दोन्हीकडची गती अगदी सारखी ठेवील. इंग्रजीत त्याला कॉन्स्टंट व्हेलॉसिटी जॉइंट म्हणतात. त्याचंच लघुरूप सीव्ही जॉइंट आणि तो ज्या दांड्यावर असतो तो सीव्ही एक्सल.

१९२०च्या दशकात हे कोडं दोन ठिकाणी सुटलं. फ्रान्समध्ये पिएर फेनाय आणि जाँ-आल्बेर ग्रेग्वार यांनी 'ट्रॅक्टा' नावाचा सांधा तयार केला आणि १९२७ साली त्याच नावाची, पुढच्या चाकांवर चालणारी मोटार ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. त्याच सुमारास अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्यानं आपल्या सांध्याचं पेटंट मिळवलं. आज बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकाजवळ असतो तो झेप्पाच्या सांध्याचाच वंशज. बाहेर घंटेसारखी पोलादी वाटी, आत एक गोल गड्डा, दोघांतही खोबणी, खोबणींत सहा पोलादी गोळ्या आणि त्या गोळ्यांना जागेवर धरणारी एक जाळी. सगळी करामत त्या जाळीत आहे. दोन दांडे वाकून भेटतात तिथे बरोबर मधोमध एक आरसा उभा केला आहे असं समजा. सहाही गोळ्या कायम त्या आरशाच्या पातळीत राहतात. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं, म्हणून दोन्ही बाजूंची गती सारखी.

हा सांधा आपल्याकडे मोठ्या संख्येनं पहिल्यांदा आला तो युद्धाच्या पाठीवर बसून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. त्या चारही चाकांवर चालायच्या आणि त्यांच्या पुढच्या आसात झेप्पा, ट्रॅक्टा किंवा बेंडिक्स यांपैकी कुठला तरी सांधा असायचा. युद्ध संपल्यावर यातल्या कितीतरी गाड्या भारतात डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या आणि पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पण जीपचा सांधा जाड लोखंडी गोळ्यात बंद असायचा. वंगण आत, धूळ बाहेर. त्यामुळे त्याकडे पाहण्याची वेळ क्वचित यायची.

खेड्यापाड्यातल्या माणसाला सीव्ही जॉइंटची खरी ओळख करून दिली ती मारुतीनं. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८००च्या किल्ल्या मालकाच्या हाती पडल्या. तोवर आपल्या रस्त्यांवरच्या अँबेसिडर आणि कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. मारुतीचं इंजिन आडवं आणि जोर पुढच्या चाकांना. हा आराखडा १९५९ सालच्या इंग्लंडमधल्या 'मिनी' या गाडीनं जगभर रूढ केला होता. लांब शाफ्ट गेला, पोटाखालची जागा वाचली, गाडी हलकी आणि स्वस्त झाली. ३० डिसेंबर १९९८ रोजी टाटांची इंडिका आली, पुण्याजवळ पिंपरीला बनलेली. तीही पुढच्या चाकांवरच चालणारी. २०१४ साली मारुती ८०० बंद झाली, २०१८ साली इंडिका बंद झाली. पण त्यांतल्या पुष्कळ गाड्या हात बदलत बदलत आपल्याकडे आल्या.

या गाड्यांत जीपचा लोखंडी गोळा नाही. सांध्यावर असतो रबराचा घडीघडीचा बूट, दोन पट्ट्यांनी आवळलेला. मूठभर काळं ग्रीस त्यात भरलेलं. हजारो रुपयांच्या एक्सलचं आयुष्य या काही मिलिमीटर जाडीच्या रबरावर अवलंबून आहे. आमच्या भागातले दगड, बाभळीचे काटे, उसाची चिपाडं आणि उन्हाळ्यातलं ऊन यांच्याशी त्याची गाठ. रबर तडकलं, की चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात. मग आत जाते धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. खोबणीत गोळ्यांऐवजी जणू पॉलिश पेपर फिरायला लागतो. काही महिन्यांत वळणावर 'कट-कट-कट' असा आवाज सुरू होतो. बैलगाडीचं चाक करकरायचं, मारुतीचं कटकटतं. दोघांचंही म्हणणं एकच, वंगण संपलंय.

आता रिकंडिशनकडे वळू. जुनं दुरुस्त करून वापरणं ही आपल्याकडे निव्वळ कंजुषी नव्हती. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं परदेशी मालावर निर्बंध होते, सुटे भाग दुर्मीळ होते. त्या टंचाईतून लेथवर काम करणाऱ्या कारागिरांची एक पिढीच उभी राहिली. इंजिन झिजलं, की सिलिंडर बोअर करायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. क्रँक झिजला, की घासून जाड बेअरिंग घालायचं. एसटीनंही ही विद्या मोठ्या प्रमाणावर वापरली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे तिच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. इंजिनं उघडून पुन्हा बांधायची, झिजलेल्या टायरवर नवा रबर चढवायचा आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, हा तिथला रोजचा रिवाज. महाराष्ट्रातला गरीब माणूस वर्षानुवर्षं अशा पुन्हा बांधलेल्या इंजिनांवर आणि पुन्हा चढवलेल्या टायरांवर प्रवास करत आला आहे. म्हणून रिकंडिशन शब्द ऐकून नाक मुरडायचं कारण नाही.

पण इथेच एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सिलिंडर बिडाचा असतो. तो वरून जसा, तसाच थोडा आतही. अर्धा मिलिमीटर घासला तरी खाली तेच बीड. सीव्ही जॉइंटच्या खोबणीचं तसं नाही. ती पोलादाची असते आणि तिचा फक्त वरचा थर उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला असतो. हा थर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. आतलं पोलाद मुद्दाम मऊ आणि चिवट ठेवतात, म्हणजे धक्क्यानं वाटी तडकत नाही. भाकरीचा पापुद्रा काढल्यावर खाली जसा मऊ भाग राहतो, तसं हे आहे. झिजलेली खोबण घासून त्यात थोड्या मोठ्या गोळ्या टाकायच्या, अशी रिकंडिशनची एक पद्धत आहे. चांगल्या यंत्रावर, मोजून, कडक थर शाबूत राहील इतपतच घासलं, तर असा सांधा उत्तम चालतो. अंदाजानं जास्त घासलं, तर तो कडक थरच निघून जातो. दिसायला खोबण चकचकीत, हाताला गुळगुळीत. पण गोळ्या मऊ पोलादावर फिरायला लागतात आणि थोड्याच दिवसांत खळगे पाडतात. बोअर करण्याचं शहाणपण इथे जसंच्या तसं लागू पडत नाही, ते यामुळे.

शिकवताना मी कापलेले दोन जॉइंट टेबलावर ठेवत असे, एक नवा आणि एक असा घासलेला. कानशीने हलकेच ओरखडा काढायला सांगायचो. नव्यावर कानस घसरायची, दुसऱ्यावर रुतायची. मुलांना बाकी काही लक्षात राहो न राहो, हे राहायचं.

आमच्याकडच्या एका कुटुंबानं शहरातल्या एका दुकानातून असाच एक एक्सल आणला होता. वर ताजा काळा रंग, नवा बूट, नव्या पट्ट्या. पावती नाही. दोन-अडीच महिन्यांनी एका रात्री बाळंतपणासाठी सुनेला अंबाजोगाईला नेत असताना, खड्ड्यातून गाडी वर काढताना तो सांधा आतल्या आत फुटला. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलेना. पुष्कळांना याचं नवल वाटतं, की दुसऱ्या बाजूचा एक्सल धडधाकट असताना गाडी का चालू नये? त्याचं कारण डिफरन्शियल. ज्या बाजूला अडकाव नाही त्या बाजूलाच ते सगळी फिरकी जाऊ देतं. शिवाय अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवूनही जागेवर थांबत नाही. उतारावर असाल तर हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. मागून येणाऱ्या टेंपोवाल्यानं त्या माउलीला वेळेत पोचवलं, सगळं नीट झालं. पण वाचलेले पैसे आणि ती रात्र यांचा हिशेब त्या घरात कुणी पुन्हा मांडला नाही.

तर मग निवड कशी करायची? माझा क्रम असा आहे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं रिकंडिशन म्हणजे नुसता बूट वेळेवर बदलणं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर चाक पूर्ण वळवून, बॅटरीच्या उजेडात चारही बूट बघायचे. दोन्ही बाजूंना बाहेरचा एक आणि आतला एक. बूट तडकलाय पण आवाज नाही, तर सांधा उघडून, धुऊन, बूट आणि योग्य ते ग्रीस नवं घालायचं. आवाज सुरू झाला असेल, तर बूट बदलून उपयोग नाही. झिजलेलं पोलाद ग्रीसनं भरून येत नाही. आवाज आहे की नाही हे पाहायला मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवायची, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. वळणावर कटकट म्हणजे बाहेरचा सांधा. सरळ जाताना, जोर देताना थरथर असेल तर आतला सांधा तपासायचा.

बाहेरचा सांधा गेला आणि मधला दांडा चांगला असेल, तर आपल्याच दांड्यावर नामांकित बनावटीचा नवा जॉइंट बसवता येतो. पुष्कळ गाड्यांना तो सुटा मिळतो. पूर्ण नव्या एक्सलपेक्षा स्वस्त पडतो आणि आपला दांडा मुळातला असतो, त्याची लांबी, त्याचे आटे सगळं जुळतं. मी तरी आधी याचीच चौकशी करायला सांगतो.

रिकंडिशनचा पूर्ण एक्सल घ्यायचाच असेल, तर रंगाकडे पाहू नका. विचारा, काय बदललं आणि काय ठेवलं? खोबण घासली, की सांधाच नवा टाकला? बांधणारा कोण, आणि तो पावतीवर मुदतीची हमी लिहून देतो का? हातात धरून वाटी आणि दांडा उलटसुलट पिळून बघा. खुळखुळ जाणवली तर परत करा. सांधा सगळ्या बाजूंनी वाकवून बघा. कुठेही अडखळता कामा नये. जुना एक्सल सोबत न्या आणि शेजारी ठेवून लांबी मोजा, कारण डाव्या-उजव्या बाजूची लांबी बहुधा वेगळी असते. टोकाचे दातेही मोजा. अलीकडच्या काही गाड्यांत एबीएसची दातेरी कडी याच सांध्यावर असते. ती नसलेला एक्सल बसेल, पण एबीएस काम करणार नाही.

बसवतानाही दोन गोष्टी पाळायच्या. दांडा चाकातून निघत नाही म्हणून त्याच्या टोकावर थेट हातोडा मारला, की आटे चेपतात. चाकाचा मोठा नट नवाच वापरायचा आणि कंपनीनं सांगितलेल्या जोरानंच, टॉर्क पान्यानं आवळायचा. तो सैल राहिला तर बेअरिंग जातं. गिअरबॉक्सच्या बाजूचं ऑइल सील त्याच वेळी बदलावं आणि एक्सल काढताना सांडलेलं गिअर ऑइल मोजून परत भरावं. बरेचदा एक्सल चांगला बसतो आणि कोरडा पडलेला गिअरबॉक्स पुढच्या महिन्यात आवाज करू लागतो.

पुढच्या काळात जुन्या भागांचा बाजार थोडा शिस्तीत येईल अशी आशा आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं नोंदणीकृत भंगार केंद्रांचे नियम केले. तिथे मोडलेल्या गाडीचं प्रमाणपत्र मालकाला मिळतं, नोंद राहते. भाग कुठल्या गाडीचा, हे सांगता आलं तर निम्मं काम झालं. आणि कुणाला वाटत असेल, की विजेच्या गाड्या आल्यावर ही कटकट मिटेल, तर तसं नाही. विजेच्या गाडीत इंजिन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. पण मोटरचा जोर वळणाऱ्या चाकापर्यंत न्यायला तोच दांडा लागतो, त्याच गोळ्या आणि तोच रबरी बूट.

गावातला सुतार चाक बांधून द्यायचा तेव्हा त्याच्या कामाला नाव होतं, चेहरा होता. आजच्या खोक्यातल्या एक्सलला तो नाही. म्हणून नाव विचारायचं, पावती मागायची, जुना एक्सल शेजारी ठेवून मोजायचा. आणि त्याहीआधी, पाऊस यायच्या अगोदर, गाडीखाली एकदा वाकून बूट बघायचा. बैलगाडीवाला प्रवासाला निघण्याआधी वंगण बघायचा, तसंच.